ड्रायव्हर बिचारा काय करील?

आमच्या लहानपणी म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात एक लाल औषध मिळायचं. पोट दुखलं, लाल औषध. कान दुखला, लाल औषध. पाय मुरगळला, तरी पोटात घ्यायला लाल औषधच. बाटली आपली, बूच आपलं, औषध तेवढं त्यांचं. त्या औषधाने कोणी बरं झाल्याचं आठवत नाही, पण दवाखान्यातली रांग मात्र भराभरा पुढे सरकायची. म्हणजे औषधाचा गुण यायचा. फक्त तो रोग्याला न येता रांगेला यायचा.

ते दवाखाने पुढे सुधारले. लाल औषध मात्र मेलेलं नाही. ते संगणकाच्या धंद्यात शिरलं आहे आणि तिथे त्याचं नाव 'ड्रायव्हर अपडेट करा' असं आहे.

लॅपटॉपचा पडदा मधेच काळा होतो? ड्रायव्हर अपडेट करा. चित्रावर रंगीत ठिगळं दिसतात? ड्रायव्हर अपडेट करा. खेळ ऐन लढाईत बंद पडतो? ड्रायव्हर अपडेट करा. काय म्हणता, ड्रायव्हर अपडेट केल्यापासूनच हे सुरू झालंय? मग आणखी एकदा अपडेट करा!

माझं म्हणणं सरळ आहे आणि ते मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना पुढचा लेख उघडता येईल. 'ड्रायव्हर अपडेट करा' हे निदान नव्हे. ती गिऱ्हाइकाला दुकानाच्या पायऱ्या उतरवायची रीत आहे. या रीतीपायी यंत्र तपासायचं काम, ज्याने यंत्र विकलं त्याच्या डोक्यावरून उतरून, ज्याने पैसे मोजले त्याच्या डोक्यावर येऊन बसलं आहे. तेही बिनपगारी आणि वर ठपक्यासकट.

आता हा ड्रायव्हर म्हणजे कोण, ते आधी पाहू. एस.टी.च्या ड्रायव्हरशी याचं नातं नावापुरतंच. तो गाडी हाकतो, हा निरोप पोचवतो. लॅपटॉपात चित्रं काढणारी एक ग्राफिक्स चिप असते. बाई भलतीच हुशार. सेकंदाला साठ-साठ, शंभर-शंभर चित्रं रंगवून मोकळी होते. पण तिला विंडोजची भाषा येत नाही. खेळ म्हणतो, डोंगर काढ, डोंगरावर ऊन पाड, उन्हात घोडा पळव. हे सगळं तिच्या बोलीत तिला समजावून सांगणारा जो प्रोग्रॅम, तो ड्रायव्हर. थोडक्यात, हा दुभाष्या आहे.

गेमिंग लॅपटॉपात बहुधा अशा दोन चिप असतात. (अनेकवचन करायची भीती वाटते, चिप्स म्हटलं की वेफर्स डोळ्यांपुढे येतात.) एक साधी, प्रोसेसरच्याच पोटात राहणारी, पत्र लिहा, सिनेमा बघा, एवढ्यापुरती. दुसरी भारीतली, भरपूर वीज खाणारी आणि खेळ सुरू झाला की मगच पदर खोचून कामाला लागणारी. दोघींचे दुभाषे वेगळे. एकाच ओट्यावर दोन जावा, आणि कामाची वाटणी विंडोजने करायची! कुरबूर व्हायला आणखी काय लागतं?

या कुरबुरीवर विंडोजने २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टा या आवृत्तीपासून एक तोडगा काढला. चिपला काम दिलं आणि तिने दोन सेकंदांत ते पुरंही केलं नाही आणि हातातून खालीही ठेवलं नाही, तर ती लटकली असं समजायचं. मग तिला आणि तिच्या ड्रायव्हरला एकदम झटकून पुन्हा उभं करायचं. दोन सेकंद! आमच्या बँकेत काउंटरवरचे गृहस्थ मान वर करायलाच दोन मिनिटं घेतात. पण तोडगा तसा चांगला आहे. त्यापूर्वी सगळा संगणकच गोठून बसायचा आणि बटण दाबून त्याचा गळा घोटावा लागायचा. आता पडदा क्षणभर काळा होतो, पुन्हा उजळतो आणि आत कुठल्याशा नोंदवहीत एक ओळ पडते : डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले होते, तो आता सावरला आहे. एका मिनिटात असे पाच झटके बसले, की पुढच्या झटक्याला विंडोज हात टेकते आणि सगळा पडदा भरून आपण गेल्याची बातमी स्वतःच देते. हा पडदा वर्षानुवर्षं निळा असायचा. २०२५ साली विंडोज ११ वर तो काळा करण्यात आला. दुखणं तेच, कफनाचा रंग तेवढा बदलला.

आता ती नोंदवहीतली ओळ पुन्हा वाचा. सगळ्या घोटाळ्याचं मूळ तिथे आहे. तिच्यात नाव ड्रायव्हरचं आहे. का? तर निरोप घेऊन तो गेला होता आणि उत्तर आलं नाही. एवढंच. पलीकडच्या बाईंना उन्हाने घेरी आली, त्यांचं वीजपाणी तुटलं, त्यांना कायमचंच काही झालं, की दुभाष्यानेच निरोप चुकवला, यातलं ती ओळ काहीएक सांगत नाही. पोस्टमनने 'घर बंद' असा शेरा मारून पत्र परत आणलं, तर आपण घर का बंद आहे याची चौकशी करतो. इथे पोस्टमनची बदली करतात. नवा पोस्टमन तेच पत्र घेऊन जातो, तोच शेरा घेऊन परत येतो. मग त्याचीही बदली!

हे मी पुस्तकं वाचून बोलत नाही. आमच्या घरात हे नाटक पाच अंकांत झालेलं आहे.

आमचे चिरंजीव अ‍ॅनिमेशन शिकतात. कॉलेजने सांगितलं, त्रिमिती चित्रांसाठी वेगळी ग्राफिक्स चिप असलेला लॅपटॉप लागेल. अशी चिप ज्यात असते, त्याला दुकानदार 'गेमिंग लॅपटॉप' म्हणतो. किंमत ९२,००० रुपये. त्यातले चाळीस हजार सौ.च्या भिशीचे. त्या पैशांत स्वयंपाकघराचा ओटा नवा व्हायचा होता, तो अजून जुनाच आहे. लॅपटॉपवर 'गेमिंग'ऐवजी 'अभ्यासू' असं छापलं असतं, तर पुढचा निम्मा मनस्ताप वाचला असता. कारण आठव्या महिन्यात तो बंद पडायला लागला, तेव्हा नातेवाइकांत निकाल आधीच लागलेला होता. "रात्र रात्र खेळत असणार!" माझी आत्या म्हणाली, "आमच्या वेळी सोंगट्या होत्या. कधी बंद पडल्या नाहीत." मुलगा सांगतोय, मी परीक्षेचं काम करत होतो. पण यंत्राच्या कपाळावरच 'गेमिंग' लिहिलेलं! त्याच्या बोलण्यावर आमच्या घराबाहेर एकाही माणसाने विश्वास ठेवला नाही.

लक्षणं अशी : जड काम सुरू करून अर्धा तास झाला की पडदा काळा. आवाज मात्र चालू. म्हणजे घोडा दिसत नाही, टापा ऐकू येतात. चार सेकंदांनी पडदा उजळतो, तोवर प्रोग्रॅम बंद आणि न साठवलेलं काम गंगेला मिळालेलं.

गेलो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये. कंपनीचं नाव सांगत नाही. सांगितलं तर बाकीच्या कंपन्यांना वाटायचं आपण सुटलो. तिथे एका तरुणाने लॅपटॉपकडे न बघता माझ्याकडे बघून विचारलं,

"सर, गेम खेळता का?"

"मी नाही, मुलगा. अधूनमधून."

"जास्त वेळ खेळू नका म्हणावं."

"अहो, पण याचं नाव गेमिंग लॅपटॉप आहे ना?"

"नाव तसं आहे, सर."

या उत्तरावर काय बोलणार? छत्री विकायची आणि सांगायचं, पावसात नेऊ नका!

पहिल्या खेपेला त्याने ड्रायव्हर अपडेट केला, दहा मिनिटं पडद्यावरचं डोंगराचं स्थिर चित्र पाहिलं आणि 'समस्या आढळली नाही' असं कागदावर लिहून दिलं. अर्ध्या तासाच्या कामानंतर येणारा झटका दहा मिनिटांच्या निसर्गशोभेत कसा आढळावा? संध्याकाळी ताप चढणाऱ्या रोग्याला सकाळी सहाला थर्मामीटर लावून 'ठणठणीत' म्हणण्यातला हा प्रकार.

दुसऱ्या खेपेला म्हणाला, नवा ड्रायव्हर मानवला नाही, लॅपटॉप कंपनीने मुळात दिलेला जुनाच बरा. जुना घातला. तिसऱ्या खेपेला म्हणाला, जुन्या-नव्याचे अवशेष आत राहिलेत, घरी जाऊन साफ करा. त्यासाठी 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' नावाचा फुकट मिळणारा एक झाडू आहे. तो सेफ मोडमध्ये चालवायचा असतो. सेफ मोड म्हणजे संगणकाचं सोवळं. त्यात शिरलं की तो कशाला शिवत नाही, नेटला नाही, कशाला नाही, नुसता मोठ्या अक्षरांत बसून राहतो. चिरंजीवांनी सोवळ्यात झाडू मारला. झटका कायम. चौथ्या खेपेला हुकूम झाला, विंडोजच नव्याने टाका. म्हणजे घरातला उंदीर जात नाही म्हणून घर पाडून पुन्हा बांधा! दीड वर्षाचं काम आधी दुसरीकडे हलवायचं, मग सगळे प्रोग्रॅम परत घालायचे. चार रात्री गेल्या. परीक्षा पाचव्या दिवशी होती. झटका सहाव्या दिवशी पुन्हा आला.

आणि पाचव्या खेपेला तो तरुण प्रसन्न मुद्रेने म्हणाला, "सर, परवाच नवीन ड्रायव्हर आलाय. तो टाकून बघा."

वाचकहो, इथे मी जरा आवाज चढवतो. तुम्ही नवा ड्रायव्हर घालून पाहिलात. जुना घालून पाहिलात. दोन्ही धुऊन काढलेत. खाली विंडोजसुद्धा नवी कोरी घातलीत. तरी झटका तोच, तेवढ्याच वेळाने, तसाच. मग ड्रायव्हर निर्दोष आहे हे सिद्ध झालं की नाही? आणि ते सिद्ध कुणी केलं? तुमच्याच चार औषधांनी! मॅट्रिकच्या भूमितीत एवढ्या पुराव्यावर आम्हाला 'इति सिद्धम्' लिहू देत असत. सर्व्हिस सेंटरमध्ये एवढ्या पुराव्यावर पाचवी पुडी देतात. जे औषध चार वेळा लागू पडलं नाही, त्याने एकच गोष्ट कळते : रोग दुसरा आहे. पण रोग दुसरा म्हणायचा, तर स्क्रू काढायला हवेत, भाग बदलायला हवेत आणि तो खर्च वॉरंटीत कंपनीच्या अंगावर येतो. ड्रायव्हर फुकट असतो. लाल औषधाचीही हीच तर थोरवी होती.

पाचव्या खेपेनंतर अकराव्या दिवशी वॉरंटी संपली. बाराव्या दिवशी, काय चमत्कार पाहा, निदान झालं! "सर, मदरबोर्ड बदलावा लागेल. अडतीस हजार." चार महिने जे दुखणं फुंकर घालून बरं होणार होतं, त्याला एका रात्रीत हृदयरोपण लागलं. ड्रायव्हर आणि मदरबोर्ड यांच्या मधे या लॅपटॉपात दुसरं काही आहे, असं त्या सेंटरला वाटतच नसावं.

मधे काय आहे, ते पुण्याच्या तपकीर गल्लीत कळलं. तिथे जिन्याखालच्या एका दुकानात बसणाऱ्या मुलाने लॅपटॉप चालू केला, त्यावर जड काम लावलं आणि मागच्या दोन्ही जाळ्यांसमोर, शेकोटीपुढे धरावेत तसे हात धरले. पाच मिनिटांनी म्हणाला, "काका, डावीकडून वारा येतोय. उजवीकडून येत नाही." मागचं झाकण उघडलं. दोन पंख्यांपैकी एक पंखा फिरतच नव्हता. अशाने आतली उष्णता बाहेर पडत नाही. चिप तापली की आधी स्वतःच वेग कमी करते. आजूबाजूच्या भागांनाही ताप सोसेनासा झाला की कामच अडतं आणि दोन सेकंदांचा तो घटका-पळांचा हिशेब चुकतो. पंख्याचे आणि मजुरीचे मिळून अठराशे रुपये झाले. त्याला आता पाच महिने होतील. पडदा एकदाही काळा झालेला नाही. हा इलाज करायला त्या मुलाने पदवी वापरली नाही, नेट वापरलं नाही. तळहात वापरले. सर्व्हिस सेंटरमध्येही लोकांना तळहात असतात, हे मी पाच वेळा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

कुणी म्हणेल, एका पंख्यावरून केवढं हे कीर्तन! ड्रायव्हर कधी चुकतच नाहीत की काय? चुकतात. भरपूर चुकतात. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हिस्टाच्या बंद पडण्याच्या ज्या नोंदी केल्या, त्यांतल्या जवळजवळ २९ टक्के एन्व्हिडियाच्या ड्रायव्हरच्या नावावर होत्या; एका खटल्यामुळे हे कागद २००८ साली बाहेर आले. मार्च २०१० मध्ये त्याच कंपनीने १९६.७५ या क्रमांकाचा ड्रायव्हर काढला आणि लगेच मागे घेतला, कारण त्याने काही कार्डांच्या पंख्यांचा वेगच बिघडत होता. म्हणजे अपडेट न करणाऱ्याचा पंखा फिरत होता आणि आज्ञाधारक मंडळींचा अडत होता! तेव्हा ड्रायव्हर तपासूच नका, असं मी म्हणत नाही. एकदा तपासा. फार तर दोनदा. पण संशयिताची निर्दोष सुटका झाल्यावर खऱ्या चोराला शोधायचं की त्यालाच पुन्हा पुन्हा धरून आणायचं?

आणि खरा चोर दुसराच निघाल्याची उदाहरणं लहानसहान नाहीत. जुलै २००८ मध्ये एन्व्हिडियाने जाहीर केलं की लॅपटॉपांत बसवलेल्या आपल्या काही चिप वाजवीपेक्षा जास्त प्रमाणात बिघडत आहेत आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी आपण १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढत आहोत. दोष होता चिप आणि तिची बैठक यांच्यासाठी वापरलेल्या सामग्रीत. यंत्र तापून-निवून तापून-निवून ही सामग्री दगा द्यायची. इथवर कबुली स्वच्छ आहे. पण त्याच निवेदनात कारणांच्या यादीत आणखी दोन पाहुणे होते : लॅपटॉपातली उष्णता बाहेर काढायची व्यवस्था आणि गिऱ्हाइकांची वापरण्याची पद्धत! म्हणजे चिपची सामग्री कच्ची, पण आपण लॅपटॉप चालू-बंद करतो, हेही एक कारणच. तो कपाटात ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं असतं, तर टिकलाही असता. आणि तोडगा काय? लॅपटॉप कंपन्यांना एक नवा ड्रायव्हर देण्यात आला. त्याने लॅपटॉप चालू करताक्षणी पंखा फिरायला लागायचा, म्हणजे चिपवरचा ताण कमी. भेगाळलेल्या भिंतीला वारा घालायचा हा प्रकार. हे प्रकरण अमेरिकेत कोर्टात गेलं, तेव्हा कुठे २०१० मध्ये तडजोड होऊन काही लॅपटॉपवाल्यांना दुरुस्ती नाहीतर बदली मिळाली.

दुसरं उदाहरण अगदी ताजं. २०२४ साली जगभरचे खेळाडू ओरडत होते की खेळ सुरू होताना 'ग्राफिक्सची मेमरी संपली' असा संदेश येऊन सगळं कोसळतं. चांगली ढीगभर मेमरी असलेली महागडी कार्डं, आणि मेमरी संपली? लोकांनी ड्रायव्हर बदलले, कार्डं बदलली. शेवटी निघालं काय? ग्राफिक्सचा काडीचाही संबंध नव्हता. इंटेलचे तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर प्रमाणाबाहेर व्होल्टेज घेऊन स्वतःच झिजत होते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये इंटेलने त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ओरड ग्राफिक्सच्या नावाने, दुखणं प्रोसेसरचं. पडद्यावरचा संदेश वाचून निदान करणं हे रोग्याच्या किंकाळीवरून त्याचं ऑपरेशन करण्यासारखं आहे.

यावर आमच्या शेजारचे निवृत्त इंजिनिअर म्हणतात, "अहो, बाजारात लॅपटॉपांचे प्रकार किती, खेळ किती, ड्रायव्हर किती! कंपनी बिचारी काय काय तपासणार?" हा 'बिचारी' शब्द मला मोठा गोड वाटतो. प्रकार हजार असतील, पण मी एकच घेतलाय आणि तो त्यांनीच बनवलाय! तसल्याच लॅपटॉपच्या शेकडो तक्रारी त्यांच्या टेबलावर येतात. माझ्याकडे एकच येते. मग रोगाची साथ कुणाला लवकर कळणार, शेकडो रोगी बघणाऱ्या डॉक्टरला की अंथरुणात पडलेल्या एका रोग्याला? आणि तपासायचं असतं तरी काय? झटका चार्जर लावल्यावर येतो की बॅटरीवरही? लगेच येतो की यंत्र तापल्यावर? एकाच प्रोग्रॅममध्ये की सगळ्यांत? चिपचं तापमान किती चढतं? दोन्ही जाळ्यांतून वारा येतो का? मेमरीची चाचणी पास होते का? हे सहा प्रश्न एका पोस्टकार्डावर मावतात. ते न विचारता सातवाच प्रश्न विचारायचा, 'गेम खेळता का?', याला तपासणी म्हणत नाहीत. चारित्र्याची चौकशी म्हणतात.

तेव्हा माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली : पहिल्या तक्रारीच्या दिवशी वॉरंटीचं घड्याळ थांबलं पाहिजे. तुम्ही माझ्यावर प्रयोग करणार चार महिने, आणि ते चार महिने माझ्याच वॉरंटीतून कापणार? न्हाव्याने अर्धी दाढी करून तासभर बसवून ठेवावं आणि त्या तासाचं भाडंही आपल्याकडूनच घ्यावं, तशातली गत! दुसरी : दोन वेगळे ड्रायव्हर आणि एक कोरी विंडोज एवढ्यावर दुखणं हटलं नाही, तर तिसऱ्या खेपेला यंत्राचं झाकण उघडलंच पाहिजे, तेही आपल्यासमोर आणि वॉरंटीतच. तिसरी : प्रत्येक खेपेचा कागद मिळाला पाहिजे आणि त्यावर काय तपासलं तेही हवं, नुसतं काय टाकलं ते नको.

कागदाचं एवढं माहात्म्य सांगतो, कारण माझ्याकडे पाचही कागद आहेत. गॅसच्या पावत्या, घरपट्टी आणि बाबांचं रेशनकार्ड ज्या फायलीत आहे, त्याच फायलीत. पाचही कागदांवर एकच मजकूर आहे : 'ड्रायव्हर अपडेट केला. समस्या आढळली नाही.' अक्षरसुद्धा एकाच माणसाचं. हे कागद त्यांनी मला वाटेला लावण्यासाठी दिले. पण पहिल्यावरची तारीख सांगते की दुखणं वॉरंटीत सुरू झालं आणि पाचव्यावरची सांगते की ते वॉरंटीतच उघडं राहिलं.

आपल्याकडे ग्राहकाने भांडायची परंपरा जुनी आहे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ सालची. ग्राहकांसाठीचा पहिला कायदा १९८६ चा. हल्लीचा २०१९ चा, २० जुलै २०२० पासून लागू झालेला. त्यात आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे कंपनीचं मुख्य ऑफिस कुठल्याही गावी असो, आपल्याला तिकडचं तिकीट काढावं लागत नाही. वस्तू पाच लाखांपर्यंतची असेल, तर फी नाही. मुदत, कारण घडल्यापासून दोन वर्षं. आणि आयोगाकडे जायच्या आधी १९१५ या क्रमांकाची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. हे सगळं मला का पाठ आहे, हे सांगायला नकोच. चिरंजीव सेफ मोडमध्ये होते, तेव्हा मी कायद्यात होतो.

सौ. म्हणाली, "अहो, अठराशे रुपयांसाठी एवढं?" तिचा मुद्दा व्यवहाराचा आहे. अठराशे रुपयांत कज्जा होत नाही, फार तर झेरॉक्स होतात. पण प्रश्न अठराशेंचा नाही. चार महिने एका वीस वर्षांच्या मुलाला जो तो सांगत होता की तू खेळतोस म्हणून हे बिघडलं. यंत्र विकणाऱ्याने सांगितलं, नातेवाइकांनी सांगितलं आणि शेवटी शेवटी तो स्वतःच विचारायला लागला, "बाबा, माझंच काही चुकतंय का?" न फिरणाऱ्या एका पंख्याचं ओझं त्या पोराने चार महिने वाहिलं. पंख्याची पावती माझ्याकडे आहे. या ओझ्याची पावती कुणी फाडायची? हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली ती त्यासाठी. तिच्यात मी तारखा लिहिल्या, पाचही कागद जोडले, पंख्याचा फोटो लावला आणि स्वच्छ लिहिलं की यंत्र आता दुरुस्त आहे. हवा आहे तो दुरुस्तीचा खर्च आणि चूक झाल्याचं एक लेखी वाक्य.

कंपनीचं उत्तर तीन दिवसांत आलं. अतिशय नम्र होतं. आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल खेद वाटतो, आपण आमच्यासाठी मोलाचे आहात वगैरे वगैरे. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं : समस्या कायम असल्यास कृपया आपला ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करावा.

तक्रार मी चालू ठेवली आहे. घाटात गाडी बंद पडली की एस.टी.चा ड्रायव्हर स्वतः खाली उतरून बॉनेट उघडतो; खाली बसलेल्या पन्नास उतारूंपैकी एकालाही वाटत नाही की आता दुसरा ड्रायव्हर आणला म्हणजे गाडी चढेल. एवढी अक्कल आपल्याला घाटात असते. ती लॅपटॉपच्या दुकानातही घेऊन जायची आहे. आणि काउंटरवरच्या तरुणाने 'गेम खेळता का' असं विचारलं, तर हसून सांगायचं : "हो, खेळतो. पण आता खेळी तुमची. स्क्रूड्रायव्हर आणा. तोही एक ड्रायव्हरच आहे."